खंडेनवमीला धुतलेले बोल्ट

हणमंतराव शेडग्यांना जग खालून बघायची सवय होती. फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी ट्रकच्या पोटाखाली उताणं पडून. कुणी त्यांना लेह कसं आहे विचारलं, तर ते डोंगरांबद्दल नाही सांगायचे. तिथं गाडीखाली वितळलेलं बर्फ नेमकं कानात कसं ठिबकतं, ते सांगायचे. अरुणाचलचा चिखल, जैसलमेरची वाळू, सगळं त्यांना पाठीच्या कातडीनं ठाऊक होतं. शेवटची बदली जयपूरला झाली, निवृत्ती इथंच आली, आणि सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचा हा माणूस प्रताप नगरातल्या हाउसिंग बोर्डाच्या घरात राहिला तो राहिलाच. गावाकडचे लोक म्हणायचे, "हणमा तिकडचाच झाला." त्यात थोडा टोमणा होता आणि बरंचसं तथ्यही होतं.

घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड, एक खोल खड्डा, एक कडुलिंब, एवढाच त्यांचा कारखाना. पाटी नव्हती. सांगानेरपासून सीतापुऱ्यापर्यंत ज्याची जुनी फौजी गाडी रुसली, तो आपसूक इथं यायचा आणि "फौजीजी" अशी हाक मारायचा. वय एकसष्ट. हात अजून शाबूत. डोक्याचं मात्र होळीपासून काहीतरी बिनसलं होतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

काय बिनसलं होतं, तेही नीट सांगता यायचं नाही. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. उलट बरं वाटायचं, आणि हणमंतरावांना भीती वाटत होती ती त्याचीच. गाडीखाली पाना फिरवता फिरवता एकदम वारा थंड व्हायचा, कुठंतरी खेचरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या, आणि ते तेहतीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या घाटात असायचे. तरुण, पोट सपाट, शेजारी कुणीतरी चहा उकळतोय. किती वेळ जायचा कळायचं नाही. परत यायचे तेव्हा हातात एक बोल्ट असायचा आणि तो कुठला, हे ठाऊक नसायचं. स्वप्न गोड असलं म्हणून ब्रेक लागत नाहीत. हणमंतरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की ज्या दिवशी आपल्या हातून एक बोल्ट चुकीच्या जागी जाईल, त्या दिवशी शेडला कुलूप घालायचं. लोकांचे जीव घेऊन आपली हौस भागवायची नाही.

म्हणून त्यांनी पुठ्ठा काढला होता. दुकानातून खोक्याचा जाड पुठ्ठा आणायचा, त्यावर सुटणाऱ्या भागाचं चित्र खडूनं काढायचं, आणि निघालेला बोल्ट चित्रात त्याच्या त्याच्या जागी भोसकून ठेवायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे! शिस्त कसली, ती कुबडी होती. फोटो काढण्याइतका हुशार फोन त्यांच्याकडे नव्हता आणि मुलीचा मागितला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

नवरात्रात चौथमलजींचा ट्रक आला. चौथमलजी मधमाश्या पाळायचे. लाकडी पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि जिथं फुलोरा असेल तिथं जायचं, हा त्यांचा संसार. लष्कराच्या लिलावातून घेतलेला जुना ट्रक, चारही चाकं ओढणारा, कारण मोहरीच्या शेतांकडच्या वाळूच्या वाटा दोन चाकांना दाद देत नाहीत. त्याचं ट्रान्सफर केस गेलं होतं. गिअरबॉक्सच्या मागं बसून इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारं ते धूड आतून खडखडत होतं.

"फौजीजी, दशहरे की शाम निकलना है," चौथमलजी म्हणाले होते. "मक्खियाँ कैलेंडर नहीं देखतीं, फूल देखती हैं."

हणमंतरावांनी चौथ्या माळेला काम सुरू केलं. ट्रान्सफर केस खाली काढायचं तर आधी त्याच्या खालचा क्रॉस मेंबर काढावा लागतो. चासीच्या दोन लांब दांड्यांना जोडणारा हा लोखंडी आडवा पट्टा, त्यावरच ते सगळं वजन रबरावर टेकलेलं असतं. हणमंतराव त्याला तुळईच म्हणायचे. या ट्रकच्या तुळईला आठ बोल्ट होते आणि तिथंच गोम होती. लिलावानंतर कुठल्या तरी कारागिरानं चासीच्या आत जोडपट्ट्या मारून, नट आतच वेल्ड करून सगळा स्वतःचा शहाणपणा चालवला होता. त्यामुळं तीन बोल्ट लांब, पाच आखूड, आणि डाव्या-उजव्या बाजूंचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. बोल्ट वर आत कुठं जातो ते दिसत नव्हतं. आखूड बोल्ट लांबाच्या जागी घातला तर दोनच आटे धरणार. लांब बोल्ट एका विशिष्ट जागी गेला तर त्याचं टोक आतून जाणाऱ्या ब्रेकच्या नळीला घासणार. आज नाही, उद्या नाही, पण दोन-तीनशे किलोमीटरवर नळी फुटणार.

हे सगळं त्यांनी काढतानाच पाहिलं होतं, आणि म्हणूनच पुठ्ठ्यावर आठही बोल्ट जिथले तिथं भोसकले होते. जुनं धूड उतरवलं. दिल्लीहून दुसरं आलं. अष्टमीला साखळी-कप्पीनं ते वर चढवून गिअरबॉक्सला जोडलं आणि खाली जॅक लावून ठेवला. तुळई कडुलिंबाला टेकून उभी होती. आता फक्त ती बसवायची. हणमंतराव रात्री शांत झोपले.

नवमीला त्यांना जाग आली ती धुपाच्या वासानं. खंडेनवमी. साताऱ्याकडची रीत रमाबाईंनी जयपुरात एक वर्षही चुकवली नव्हती. घटाजवळ पाट मांडायचा, नवऱ्याची हत्यारं रॉकेलनं धुवायची, पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पाटावर गेलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. हणमंतरावांनी हात जोडले. पाने, हातोडे, पक्कड, सगळं लखलखत होतं. आणि मधोमध पितळी ताटात, कुंकवाची बोटं लावून घेतलेले आठ बोल्ट.

"ह्ये हितं कसं?" त्यांनी विचारलं.

"आवं, धुतलं की," रमाबाई कौतुकानं म्हणाल्या. "काय ती काजळी बसल्याली! म्हटलं, हत्यारास्नी मान आन् ह्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय? नव्यागत झाल्यात बगा."

"आन् पुठ्ठा?"

"त्यो तेलकट? सकाळी ती हूपर गाडी आल्ती कचऱ्याची, दिला टाकून."

  बायकोनं त्यांच्या कामाची पूजा केली होती, तिच्यावर कुठल्या तोंडानं ओरडायचं? आणि ओरडायचंच तर मग पुठ्ठा कशाला हवा होता तेही आलं. "बरं केलंस," असं पुटपुटून ते शेडमध्ये गेले.

हत्यार उचलायचं नव्हतं, पण ट्रकखाली झोपायला कुणाची बंदी नव्हती. ते चटईवर उताणे झाले आणि वरच्या आठ भोकांकडे बघत राहिले. आठवायचंच, एवढा एकच ध्यास. पाच दिवसांपूर्वीची दुपार. पहिला बोल्ट डावीकडचा पुढचा... तो लांब होता? कडुलिंबातून ऊन झिरपत होतं आणि चाकांच्या पलीकडे रस्त्यावर रावण करणाऱ्यांच्या बांबूच्या कामट्या वाजत होत्या. दसऱ्यासाठी विकायला उभे केलेले पाच-सात रावण वाऱ्यावर कागदी मिशा हलवत होते. त्यांच्या पायांच्या सावल्या शेडपर्यंत येत होत्या. हणमंतरावांनी डोळे मिटले, आणि लागलीच बर्फ ठिबकायला लागलं.

एकामागून एक गाड्या आल्या. तवांगच्या रस्त्यावर क्लच जळालेली, पोखरणला वाळूत रुतलेली, पठाणकोटची ती हट्टी गाडी. प्रत्येकीच्या तुळईचा प्रत्येक बोल्ट त्यांना दिसला, त्याच्या डोक्यावरचे ओरखडेसुद्धा. कुठला लांब, कुठला आखूड, कुठला आटे खाल्लेला, कुठला सुटताना किंचाळलेला. अठ्ठावीस वर्षांतल्या गाड्या आनंदानं त्यांच्यावरून तरंगत गेल्या. फक्त पाच दिवसांपूर्वीचा हा एक ट्रक आला नाही. त्याच्या जागी नुसती पांढरी पोकळी होती, आणि त्या पोकळीतही छान उबदार वाटत होतं. उन्हं कलली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. गालाला ओल लागली होती, आणि ती बर्फाची नव्हती.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली. रमाबाईंनी आपट्याऐवजी कचनारची पानं ठेवली होती, जयपुरात तीच मिळतात. हणमंतरावांनी पाने उचलले, ताट उचललं आणि शेडमध्ये गेले. तुळई जॅकवर ठेवून वर नेली, भोकं जुळवली आणि हाताला वाटेल तो बोल्ट लावत गेले. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत, असं फौजेतले उस्ताद म्हणायचे. हातांनी भराभर आठही बोल्ट लावले. सगळे गोडीगुलाबीनं आत गेले. कुठं अडलं नाही, कुठं तिरकं झालं नाही. खालून पाहिलं तर काम चोख.

आणि तेच वाईट होतं. चुकलं असतं तरी ते असंच चोख दिसलं असतं. संध्याकाळी चौथमलजी आले असते, राम राम केला असता, पेट्या चढवून गेले असते. महिनाभर काही झालं नसतं, किंवा कधीच झालं नसतं. हणमंतराव आवळायचा पाना बोल्टला लावून पडून राहिले. पाना फिरवला असता तर कुणालाही कळलं नसतं, त्यांना स्वतःलासुद्धा नाही. उस्तादांचं वचन चांगलं आहे, पण उस्तादांना कुठं मधमाश्यावाल्याच्या बायकापोरांना तोंड दाखवायचं होतं.

"बाबा, चाय!" कस्तुरी वाकून आत बघत होती. त्यांची मुलगी, चोवीस वर्षांची, लहानपणापासून जयपूरची. सांगानेरच्या छापील कापडाच्या एका कारखान्यात माल तपासायची. ठसा कुठं सरकला, रंग कुठं फुटला, दिवसभर हेच बघायचं. तिचं मराठी हिंदीच्या टेकूवर उभं असायचं, त्यावरून आई तिला रोज चिडवायची.

"कस्तुरे," हणमंतराव म्हणाले, आणि पाना त्यांनी छातीवर ठेवला. "मला आठवंना झालंय."

"क्या? मतलब, काय आठवत नाही?"

"कुठला बोल्ट कुठं व्हता. पुठ्ठ्यावर मांडलं व्हतं. त्यो तुज्या आईनं टाकला. आन् माज्या डोक्यात कायबी न्हाई. आज न्हाई, होळीपासनं आसं व्हतंय. कवाबी कुठंतरी जातोय मी. ह्यो पाना फिरवला तर फिरंल, पर बराबर हाय का न्हाई, मी सांगू शकत न्हाई."

वाक्यं सुटली आणि हणमंतरावांना एकदम हलकं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. चाकाशेजारी चहाचा कप टेकल्याचा आवाज आला. मग कस्तुरी सणाच्या नव्या कुर्त्यानिशी सरपटत आत आली आणि बापाच्या शेजारी उताणी पडली. ती वरच्या तुळईवरून नजर फिरवत राहिली. रडते आहे की काय, असं वाटून हणमंतरावांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "बोल्ट धुतले आईने. हे मोठं लोखंड धुतलं का?"

"तुळई? ती जड, तिला उचलली न्हाई."

"तो फिर हे सगळे परत खोला."

त्यांनी आठही बोल्ट काढले. कस्तुरीनं मोबाइलचा उजेड तुळईच्या खालच्या अंगाला तिरका धरला. नव्या कापडावर डाग शोधताना ती तसाच धरत असणार. काजळीत प्रत्येक भोकाभोवती एकेक गोल उमटलेला होता, वर्षानुवर्षं बोल्टखाली दाबून बसलेल्या वायसरच्या चकतीचा. ती एकेक बोट ठेवत गेली.

"हा गोल मोठा आहे, पतला. हा पण. हा छोटा है ना, आणि खोल. मतलब इथे जाड वायसर होता. जाड वायसर कुठल्या बोल्टचे?"

"लांबांचं," हणमंतराव म्हणाले. त्यांनी काढलेल्या बोल्टांवरचे वायसर चाचपले. "तिन्ही लांबांस्नी जाड वायसर."

इतका साधा पुरावा डोक्यावर चार बोटांवर होता, आणि ते कालपासून स्वतःच्या कवटीत हुडकत बसले होते! हणमंतरावांना हसू फुटलं. फौजेत नव्या पोरांना ते स्वतःच शिकवायचे, की गाडीला विचारा, गाडी खोटं बोलत नाही. सात भोकांत पाच मोठे गोल आणि दोन लहान निघाले. आठव्याभोवती गंजानं सगळं खाऊन टाकलं होतं, पण पाच आखूड तर संपले होते, तेव्हा उरला तो लांबच. मघाशी हातांनी काय लावलं होतं, तेही त्यांनी ताडून पाहिलं. सहा बरोबर होते. दोघांची अदलाबदल झाली होती. डावीकडचा पुढचा, जिथं ब्रेकची नळी जाते, तिथं लांब बोल्ट बसवला गेला होता.

कस्तुरीला नळीबिळी काही ठाऊक नव्हतं, पण बापाचा चेहरा तिला दिसला.  मग कुठं लांब, कुठं आखूड ते ती सांगत गेली आणि ते लावत गेले. सगळे आधी बोटानं, मग पान्यानं अर्धे, मग जॅक थोडा उतरवून रबरावर वजन येऊ दिलं, आणि शेवटी दोघांनी मिळून लांब पान्यावर जोर दिला. या वेळी घाट आला नाही, घंटा वाजल्या नाहीत. हणमंतराव अगदी इथंच होते, प्रताप नगरात, मुलीच्या कुर्त्याला लागलेल्या ग्रीसशेजारी.

चौथमलजी चार वाजता आले. त्यांनी ट्रक रिकाम्या प्लॉटच्या वाळूत पुढंमागं घुमवला, चारही चाकांनी वाळू उधळली, आणि ते खूश झाले. "क्या हाथ है फौजीजी का!" असं म्हणून त्यांनी मधाची बाटली दिली. "आधा इसका है," हणमंतराव कस्तुरीकडे बोट दाखवून म्हणाले. चौथमलजींना तो विनोद वाटला.

ट्रक रावणांच्या रांगेपलीकडे दिसेनासा झाल्यावर कस्तुरी म्हणाली, "आईला सांगायचं. आज. नाहीतर मी सांगेन." सोमवारी माजी सैनिकांच्या दवाखान्यात जायचं तिनं परस्पर ठरवूनही टाकलं होतं. कुलपाचा विचार हणमंतरावांच्या मनात अजून होता, पण तो आता त्यांचा एकट्याचा राहिला नव्हता.

रमाबाई मागच्या पायरीवर कचनारची पानं निवडत बसल्या होत्या. हणमंतराव शेजारी बसले. त्यांनी सगळं सांगितलं. होळीपासूनचं, घाटाचं, घंटांचं, पुठ्ठा कशासाठी होता तेही. आडपडदा ठेवला नाही. आता बोलणी बसतील, नाहीतर रडारड होईल, अशी त्यांची तयारी होती.

रमाबाईंनी हातातलं पान खाली ठेवलं.

"होळीपासनं?" त्या म्हणाल्या. "मी बोलत आसले की तुमी मदीच कुठंतरी बगायचा. ऐकायचाच न्हाई. दोन डाव विचारलं तरी हूं न्हाई की चूं न्हाई."

"व्हय. तवा मी हितं नसायचो."

"मला वाटलं, तुमास्नी माजा कंटाळा आला."

हणमंतरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"म्हनून बोलायचं कमी केलं मी. म्हटलं, नको तर नको, कशाला तरास. आन् म्हनून तर ती बोल्टं धुतली. म्हटलं, तुमच्या कामाचं कायतरी करावं, तेवढंच बरं वाटंल ह्या मानसाला."

सात महिने. एका घरात, एका ताटलीच्या अंतरावर ही बाई आपण नकोशा झालो असं समजून गप्प राहत होती, आणि घर शांत आहे म्हणून हणमंतरावांना बरं वाटत होतं. विसरण्याचं त्यांना जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं याचं वाटलं. त्यांना तिचा हात धरायचा होता, पण हाताला ग्रीस होतं. तरी त्यांनी धरला.

"काय काय सांगायचं ऱ्हायलंय तुजं?" त्यांनी विचारलं.

"लई हाय."

"सांग. मदीच कुठं गेलो तर हाक मार."

रमाबाईंनी डोळे पुसले, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला होता, तिथून सुरुवात केली.